ताज्या चुकीला एक केळं

गंगाधर सरांच्या वर्गात बरोबर उत्तराला काहीच मिळत नाही. चूक केली, आणि ती चूक त्या वर्गात याआधी कुणीच केलेली नसली, तर मात्र एक केळं मिळतं. अर्धापूरचं, सालीवर काळे ठिपके आलेलं, पिकलेलं केळं. सर ते टेबलाच्या खणातून काढतात, चूक करणाऱ्याच्या हातात ठेवतात आणि वर्गाला सांगतात, "ताजी हाय. लिहून घ्या."

चूक जुनी असली की केळं नाही. सर नुसती मान हलवतात. "शिळी हाय पोरी. ही रेश्माची चूक. सातव्या बॅचची."

ही रेश्मा कोण, आता कुठं असते, हे वर्गात कुणालाच माहीत नसतं. पण तिची चूक सगळ्यांना पाठ असते: ज्या गोष्टीचं नावच अजून मशीनला सांगितलेलं नाही, तिची किंमत मशीनला विचारणं. रेश्मा सातव्या बॅचमध्ये होती. मी एकोणिसाव्या. मधल्या अकरा बॅचेसनी रेश्माची चूक केली आणि एकालाही केळं मिळालं नाही.

मी पत्रकं लिहिते, हे आधीच सांगितलेलं बरं. हदगावहून नांदेडला शिकायला आले तेव्हापासून एका युवक संघटनेचं काम करते. वसतिगृहाचं पाणी, बसचे पास, शिष्यवृत्तीचे अर्ज, जे बंद पडलं त्यावर मी एक पानभर लिहिते. पत्रकात माणसं दोनच जातीची असतात: लुबाडणारी आणि लुबाडली जाणारी. गंगाधर सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते पहिल्या रकान्यात होते.

झालं असं, की गावाच्या कडेच्या कम्युनिटी कॉलेजातून तक्रार आली. तिथं सहा महिन्यांचा संगणक आणि प्रोग्रामिंगचा अभ्यासक्रम चालतो. बारावीला अडकलेली पोरं, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बाया, शाळेची पोरं सोडून रिकामे झालेले ऑटोवाले, असे सगळे तिथं येतात. तक्रार अशी की फी भरून पंधरा दिवस झाले तरी मास्तर संगणकाला हात लावू देत नाहीत. मी रस्त्यातच मथळा ठरवून टाकला: "संगणकाविना संगणक-शिक्षण. ही राजरोस फसवणूक नाही तर काय?"

पोचले तर अख्खा वर्ग अंगणात. लिंबाच्या झाडाभोवती तीस-पस्तीस वर्षांचा एक ऑटोवाला घामाघूम होऊन फेऱ्या मारत होता आणि बाकीचे मोजत होते. सदतीस, अडतीस. ओट्यावर एक बुटका, पांढऱ्या बुशशर्टातला, खिशाला तीन पेनं लावलेला माणूस बशीतून चहा पीत होता.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"वैजनाथ आपला प्रोग्राम चालवून राहिला," ते म्हणाले. "त्यानं कागदावर लिहिलं, झाडाभोवती फीर. थांबायचं कधी ते लिहिलंच न्हाई. आता बघू कधी याद येतंय."

"अहो, तो दमलाय."

"मशीन दमत न्हाई बाई. म्हणून माणसावर आधी चालवून बघावं लागतंय."

पंचेचाळिसाव्या फेरीला वैजनाथ झाडाला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, दहा फेऱ्या झाल्या की थांब, असं लिवायचं राहिलं." सरांनी बशी खाली ठेवली, आत गेले आणि केळं घेऊन आले. मला वाटलं दमलेल्या माणसाला खायला दिलं. तसं नव्हतं. न थांबणाऱ्या फेरीची चूक फार जुनी, ती आधीच्याच कुणाच्या तरी नावावर होती. पण ती चूक पायांनी करणारा वैजनाथ पहिला. म्हणून वेगळी नोंद.

मी पत्रक लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन प्रवेश घेतला. संघटनेच्या मित्रांना सांगितलं की आतून पुरावे गोळा करतेय. तेव्हा ते निम्मं खरं होतं.

सर संगणकाला "येडं" म्हणतात. "येडं हाय, पण इमानदार हाय. तुमी जे म्हणलात तेच करतंय. तुमाला काय पायजे होतं, ते त्याला काय ठाऊक?" हे वाक्य दिवसातून चार वेळा. प्रोग्राम अडला आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली की आमच्यातला प्रत्येक जण पहिल्यांदा एकच गोष्ट करायचा, ती अक्षरं पुसून टाकायचा, कुणी बघायच्या आत. सर मागून येऊन म्हणायचे, "तोंड लपवू नको. उभा ऱ्हा. मोठ्यानं वाच." मग उभं राहून ती इंग्रजी ओळ अडखळत वाचायची आणि पुढं "मशीन मला म्हणतंय की" अशी सुरुवात करून मराठीत सांगायची. वैजनाथ एकदा डोळे बारीक करून बराच वेळ वाचत राहिला आणि म्हणाला, "मशीन मला म्हणतंय की, तू काय बोलतोस तेच मला समजेना." सर म्हणाले, "बरोबर. बायको म्हणली असती तर भांडला असतास. मशीनसंगं भांडता येत न्हाई. बस, आता नीट सांग त्याला."

वर्ग हसला. वैजनाथही हसला, आणि त्यानं तो प्रोग्राम त्याच तासात दुरुस्त केला. दहावीच्या गणितात दोनदा नापास झालेला माणूस, आपल्या चुकीचं वाक्य अख्ख्या वर्गासमोर खणखणीत वाचतोय, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आमच्या संघटनेच्या बैठकीत मी असं कधी पाहिलेलं नाही. तिथं चूक कायम दुसऱ्या गटाची असते.

प्रत्येक ताजी चूक वहीत जायची. दोनशे पानी, पुठ्ठ्याची वही, बॅचला एक, अशा एकोणीस वह्या कपाटात. प्रत्येक नोंदीला चार रकाने: चूक, कुणाची, मशीन काय म्हणालं, परिणाम. सरांना वह्या उघडायची गरज पडत नसे. त्यांची सगळ्यात लाडकी चूक होती देगलूरच्या संगीताची.

संगीतानं वास्तुशांतीच्या आवतणाची यादी प्रोग्रामनं छापली होती. मशीन मोजायला शून्यापासून सुरुवात करतं आणि माणूस एकपासून. संगीतानं एकपासून केली, म्हणून यादीतलं पहिलं घर गळालं. आणि पहिलं घर, मानाचं म्हणून, सख्ख्या चुलतीचं होतं. चुलतीला सोडून अख्ख्या गल्लीला आवतण गेलं. त्या नोंदीच्या चौथ्या रकान्यात सरांनी लिहिलं होतं: "चुलती दोन वर्षं बोलली नाही." पुढं वेगळ्या शाईत: "आता बोलते."

म्हणजे सरांनी दोन वर्षांनी पुन्हा चौकशी केली होती. मी या माणसाकडं तोंड उघडं टाकून बघत बसायचे.

माझी स्वतःची चूक सांगते, कारण ती लपवली तर सर ओळख दाखवणार नाहीत. शेवटच्या महिन्यात प्रत्येकानं आपल्या कामाचा प्रोग्राम करायचा होता. मी मोर्चाच्या तयारीचा केला. लोकांना विचारायचं, मोर्चाला येणार का. उत्तर "हो" असलं तर नाव समर्थकांत, नाहीतर विरोधकांत. छान चालला. कुठंही लाल अक्षर नाही. यादी निघाली तर समर्थक मूठभर आणि विरोधकांची तीन पानं. विरोधकांत माझी आई. तिनं उत्तर दिलं होतं, "बघू, सैपाक आटपला तर."

सरांनी यादी वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली.

"मशीन काय म्हणून राहिलं?"

"काहीच नाही सर. चालतोय."

"ही सगळ्यात वंगाळ जात. लाल अक्षर न्हाई आन सगळं चुकलेलं." त्यांनी यादीवर बोट ठेवलं. "कार्यकर्तीबाई, तुझ्या प्रोग्राममधी 'बघू' म्हणणाऱ्याला बसायला जागाच न्हाई. जगात निम्मे लोक तेच म्हणतेत. सगळे तुझे दुश्मन करून टाकलेस की."

खणातून केळं निघालं. एकोणीस बॅचेसमध्ये ही चूक कुणीच केली नव्हती. मी ते केळं खाल्लं आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. त्यानंतरचं पत्रक लिहायला मला तिप्पट वेळ लागला.

आमचं प्रमाणपत्र हातात पडलं आणि त्याच आठवड्यात सूचना लागली. पुढच्या बॅचपासून अभ्यासक्रम एका कंपनीच्या तयार धड्यांवर चालणार. भिंतीवर पडदा, पडद्यावर आधीच चित्रित केलेले तास. शिक्षकाची आवश्यकता नाही. गंगाधर सर इतकी वर्षं तासिका तत्त्वावर होते, म्हणजे तास संपले की माणूस संपला. त्यांना नोकरीवरून काढलं असंही म्हणता येईना, कारण ते कधी नोकरीवर घेतलेलेच नव्हते.

आता मात्र मथळा आपोआप सुचला. हा वर्ग वाचवायचा, सरांना परत आणायचं, मग जे होईल ते. मी संस्थेच्या समितीकडं भेट मागितली. समितीनं निरोप दिला, सरांना घेऊन या, आणि त्यांच्या यशस्वी विद्यार्थ्यांची यादी घेऊन या.

मी सरांना तीनदा बजावलं. यशस्वी, सर. नोकरी लागलेले. ते "हाव, हाव" म्हणाले. भेटीच्या दिवशी ऑटोतून उतरले तेव्हा वैजनाथ आणि ते दोघं मिळून चुकांच्या एकोणीस वह्या वाहून आणत होते.

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. समितीतल्या एका गृहस्थांनी एक वही उचलली, मधलंच पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. "चुलती दोन वर्षं बोलली नाही. हे काय आहे?"

"परिणाम," सर म्हणाले.

"अहो, यात यश कुठं आहे?"

"यश त्यांच्याकडं आसंल साहेब. माझ्याकडं त्येंनी ह्येच ठिवलंय."

गृहस्थांनी वही मिटली. आवाज चढवला नाही, उलट फार सौजन्यानं बोलले, आणि सौजन्यापुढं माझ्यासारखीचा काही इलाज चालत नाही. नव्या पद्धतीत प्रत्येक चूक यंत्र स्वतः पकडेल, लगेच लाल अक्षरात दाखवेल, असं त्यांनी समजावलं.

"ते आत्ता बी दाखवतंय," सर म्हणाले. "त्याच्यानंतर?"

"त्यानंतर विद्यार्थी दुरुस्त करेल."

"आन रडला तर?"

 सरांना शाल आणि नारळ देण्यात आला. त्यांनी तो घेतला, नमस्कार केला आणि वह्या मोजून परत ऑटोत भरल्या.

मग मी सह्या गोळा करायला निघाले. वह्यांतली नावं घेऊन, याच्याकडून त्याचा नंबर काढत, जुन्या विद्यार्थ्यांना फोन. विष्णुपुरीला धरणाच्या कार्यालयात एक जण लिपिक होता. लातूरला एक बाई क्लासच्या हजेऱ्यांचं काम बघत होती. संगीता देगलूरलाच ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं केंद्र चालवत होती. मी प्रत्येकाला आधी अन्याय सांगायचे, मग मागणी. मधेच समोरचा माणूस मला तोडायचा आणि जरा दबक्या आवाजात विचारायचा, "माझी चूक सर अजून सांगतात का हो?"

सगळेच हे विचारायचे. मी सांगायचे, हो. रेश्मा परभणीला तिच्या सासरी भेटली, फोनवरच. ती म्हणाली, "अकरा बॅचेस? माझ्याच नावानं?" आणि मग पोराला हाक मारून त्याला ते परत सांगितलं. सही तिनं नंतर करून पाठवली.

सह्या भरपूर जमल्या. एक नव्हती, सरांची. मी निवेदन घेऊन त्यांच्या खोलीवर दोनदा गेले. पहिल्यांदा ते म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा खोलीला कुलूप होतं आणि घरमालकीण म्हणाली, ते तर सकाळी साडेदहालाच आवरून जातेत. कुठं जातात ते तिला माहीत नव्हतं. मला वाटलं माणूस खचला. एकटाच कुठंतरी नदीकाठी बसत असेल. माझा संताप दुप्पट झाला आणि संघटनेनं ठराव केला: सोमवारी त्या वर्गाला टाळं ठोकायचं.

आम्ही सात जण गेलो. साखळी, मोठं टाळं, दोन फलक. व्हरांड्यात वैजनाथ भेटला. तो आमच्यासाठी आला असेल म्हणून मी त्याच्या हातात फलक द्यायला गेले, तर म्हणाला, "ताई, मी सोडायला आलतो. आत हायत."

"कोण?"

त्यानं दाराकडं बोट केलं.

आत खिडक्यांना पडदे लावून अंधार केला होता. भिंतीवर एक नीटनेटक्या बाई बोलत होत्या. मधेमधे थांबून त्या विचारायच्या, "समजलं का?" तीन सेकंद हसत बघत राहायच्या, आणि मग म्हणायच्या, "छान." उत्तर काहीही असो, तीन सेकंदांनी छान. पोरं मुकाट बसली होती. आणि शेवटच्या बाकावर, खिशाला तीन पेनं लावून, समोर नवी कोरी वही उघडून गंगाधर सर बसले होते. दाराजवळ नव्या बॅचची हजेरी टांगलेली होती. एकोणतिसावं नाव, हणमंते गंगाधर. रीतसर अर्ज भरून, फी भरून प्रवेश घेतला होता. प्रवेशाला वयाची अट नव्हती. ती अट काढून टाका म्हणून घरकाम करणाऱ्या बायांसाठी एक पत्रक निघालं होतं, ते मीच लिहिलं होतं.

मी दारातूनच हाक मारली. "सर, बाहेर या. टाळं लावायचंय."

ते बाकावरून उठून दारापर्यंत आले. ओठावर बोट ठेवून. "हळू. पिरेड चालू हाय."

"सर, हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय."

"ठाऊक हाय गं." ते साखळीकडं बघत राहिले. "एक वाजता सुटतंय. मग ठोक. मी बी धरतो एका बाजूनं."

"पण तुम्ही इथं कशाला? हे धडे तुम्हाला शिकायचेत?"

त्यांनी मागं वळून वर्गाकडं पाहिलं. बोलले ते माझ्याकडं न बघता. "तीन दिवस घरात बसून बघितलं. धा वाजले की आपोआप चप्पल घालून बसत होतो. घरात कोण हाय? मी एकटा. चुकायला बी कुणी न्हाई तिथं."

शेवटच्या बाकावरची एक मुलगी, विशीची असेल, गळ्यात नवं डोरलं, मान वळवून त्यांच्याकडं बघत होती. तिच्या समोरच्या संगणकावर लाल अक्षरं होती आणि तिनं त्यावर तळहात ठेवला होता. सरांनी मला हातानं थांब अशी खूण केली आणि ते परत जाऊन तिच्या शेजारी बसले.

मी बाहेर आले. सहा जण माझ्या तोंडाकडं बघत होते. म्हटलं, एक वाजेपर्यंत थांबायचंय. कुणीतरी कुरकुरलं की ठराव अकराचा आहे. मी म्हटलं, असू दे. आम्ही पायऱ्यांवर बसलो, टाळं मांडीवर ठेवून.

आतून बाईंचा आवाज येत होता. "समजलं का?"

तीन सेकंद.

"छान."

पुढचा धडा. पुन्हा, "समजलं का?" आणि या वेळी त्या तीन सेकंदांत वर्गातून एका मुलीचा आवाज आला, घाबरत, पण स्पष्ट. "न्हाई."

बाई म्हणाल्या, "छान."

मग आणखी एक आवाज. "मला बी न्हाई." मग एका पुरुषाचा. मग कुणीतरी हसलं, आणि बरेच जण एकदम बोलायला लागले. एक बाक सरकला. चपला फरफटत कुणीतरी मागून पुढं चालत गेलं, आणि बाईंचा आवाज शब्दाच्या मधेच तुटला. खिडकीचा पडदा ओढल्याचं ऐकू आलं, एक, मग दुसरा. त्यानंतर फळ्यावर खडू.

बटण कुणी दाबलं, ते मी अजून विचारलेलं नाही.